अठ्ठावीस भोपळे, एकही धड नाही

ऑर्फा डॉड्रिलने आयुष्यात जेवढी काच फोडली तेवढी एखाद्या मध्यम भूकंपानेही फोडली नसती. आणि तिला त्याचा पगार मिळत असे. कार्टर्स बेंड गावच्या काचकारखान्यात ती तेहतीस वर्षं पारखायच्या टेबलावर बसली. रात्रभर हळूहळू निवलेला माल सकाळी पट्ट्यावरून तिच्यापुढे येई. ती एकेक नग उचली, नखाने टिचकी मारी, कान देई, मग खिडकीच्या उजेडात धरून एक गिरकी घ्यायला लावी. धड असेल तर डावीकडे, खोक्यात. नसेल तर उजवीकडे, गुडघ्याशी ठेवलेल्या पत्र्याच्या पिंपात. पिंपात ठेवायचा नसे, टाकायचा असे, फुटेल असा. डागी माल कुणाच्या घरी दिसता कामा नये, तो परत भट्टीत जायला हवा, असा कंपनीचा नियम होता. ऑर्फाच्या उजव्या हाताच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तो डोक्याची वाट बघत नसे.

भट्टीवरचे लोक तिला पाठीमागे बायबलातला ‘न्यायाचा दिवस’ म्हणत. तोंडावर ‘मॅम’ म्हणत. तिचा नवरा बर्ल हा भट्टीवरचा पहिल्या नंबरचा कारागीर होता, पण त्याचा माल तिच्या टेबलावर आला तरी पिंपाचं तोंड काही अरुंद होत नसे. दोघं दुपारी एकाच डब्यातला पेपरोनी रोल अर्धा अर्धा खात आणि सकाळी फुटलेल्या मालाबद्दल अवाक्षर काढत नसत. लग्न टिकण्याची जी काही कारणं असतात त्यात हेही एक असावं.

आता बर्लला जाऊन पाच वर्षं झाली होती, ऑर्फा चौऱ्याहत्तरची झाली होती आणि दमली होती. कशाने दमली असं कुणी विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. गुडघे होतेच. पण गुडघ्यांआधीही ती दमलेली होती. सकाळी उठून पायात मोजे घालायचे आणि रात्री ते काढायचे, यातला दुसरा भाग आधीच उरकून टाकता आला तर बरं, असं तिला हल्ली वाटे.

आणि सप्टेंबर आला होता. सप्टेंबर म्हणजे भोपळे.

कार्टर्स बेंडमध्ये घरापुढे खरे भोपळे कुणी मांडत नाही. खरे भोपळे हरणं खातात, शिवाय ते कुणीही पिकवू शकतं. इथे मांडायचे ते काचेचे, फुंकणीवर फुगवलेले. चौऱ्याऐंशी साली कंपनीने ते काढायला घेतले, कारण काचेची मोठी सरबताची भांडी खपेनाशी झाली होती. भांड्याचा उपयोग असतो, म्हणून एक दिवस त्याचा उपयोग संपतो. भोपळ्याचं तसं नाही. ज्याचा मुळात काही उपयोगच नाही ते निरुपयोगी कसं होणार? त्या एका भोपळ्यावर कारखान्याची शेवटची भट्टी अजून जळत होती. आणि सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, मेथडिस्ट चर्चच्या अंगणात तांब्याच्या कढईत सफरचंदाचा मुरांबा ढवळून झाला की, सगळं गाव संध्याकाळी घरोघरच्या व्हरांड्यांवरून भोपळे बघत फिरे. कुणाचे किती, कुणाचे कसे, यावर पुढचा महिनाभर बोलणं चाले. हिवाळा मोठा असतो.

ऑर्फाकडे अठ्ठावीस होते. आणि त्यांतला एकही धड नव्हता.

त्याचं असं होतं. पहिल्या प्रतीचा माल कंपनीचा, डागी माल पिंपाचा. पण लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनाच्या, आदल्या शुक्रवारी, शेवटच्या पाळीतला एक डागी नग कामगाराने घरी न्यावा, अशी रीत होती. लिहिलेली नव्हती. त्या दिवशी कंपनी फक्त दुसरीकडे बघत असे. चौऱ्याऐंशीपासून दोघं निवृत्त होईपर्यंत, दर वर्षी त्या शुक्रवारी बर्लचा एक भोपळा ऑर्फाच्या टेबलावर डागी निघाला. कधी देठ कललेला, कधी एक खाच कमी, कधी बूड तिरकं. ती तो बाजूला काढी आणि संध्याकाळी बर्ल तो काखोटीला मारून घरी आणी.

“मुद्दाम केलाय,” तो म्हणे. “तुझ्यासाठी. धड केला असता तर कंपनीने नेला असता.”

“चूक झाली म्हण की सरळ.”

“मुद्दाम केलाय गं.”

“बरं बाबा, मुद्दाम.”

तेहतीस वर्षांत तिने भट्टीवरच्या माणसांची सगळी कारणं ऐकली होती. वाळू खराब होती, भट्टी थंड होती, मुकादम डोक्याशी बडबडत होता, बायको माहेरी गेली होती. ‘मुद्दाम केलं’ हे त्यातलंच एक, जरा फूल खोचलेलं. बर्ल हसे आणि आंघोळीला जाई. ती त्याचा शर्ट धुवायला घेई, तेव्हा त्या आठवड्यात खिशात हटकून एक जळकी काडी सापडे, सफरचंदाच्या लाकडाची, आगकाडीहून बारीक. खिशाला काळा डाग पडलेला असे. या काडीने तो दात कोरतो, अशी तिची समजूत होती, आणि अठ्ठावीस वर्षं ती त्या डागावरून त्याला बोलली.

तर यंदाचा सप्टेंबर. ऑर्फाची मुलगी ट्वायला शार्लट शहरात एका विम्याच्या ऑफिसात होती आणि दर रविवारी फोन करी. तिच्या घरी तळमजल्यावर एक रिकामी खोली होती आणि त्या खोलीला स्वतंत्र बाथरूम होतं. या बाथरूमचा उल्लेख दर रविवारी होई. मार्चमध्ये ऑर्फाने घेवडा चुलीवर ठेवला आणि ती खुर्चीत डुलकी घेत असताना भांडं जळून कोळसा झालं. तेव्हापासून उल्लेख दोनदा होऊ लागला. शेवटी ऑगस्टमध्ये ट्वायला म्हणाली, “ममा, आपण एक करू. यंदा तू भोपळे मांड. मी शनिवारी येते बघायला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मांडलेस तर वर्षभर मी ब्र काढणार नाही. नाही जमलं, तर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आत सामान बांधायचं. कबूल?”

“कबूल,” ऑर्फा म्हणाली. नाही म्हणायला वाद घालावा लागला असता.

तिला ते घर फार आवडत होतं अशातला भाग नाही. जिना उभा होता, खिडक्यांतून वारं येई, नदीची ओल भिंतींना चढे. पण दमलेल्या माणसाला कुठे जायचं नसतं, एवढंच.

गुरुवारी शेजारचा एमरी कोगर मदतीला आला. एमरी अठ्ठ्याहत्तरचा, कारखान्यात जन्मभर खोकी बांधलेला, विधुर. भोपळे माळ्यावर होते.

“मी चढतो,” एमरी म्हणाला.

“तुझ्या कमरेत अर्धं लोखंड आहे.”

“तुझ्या गुडघ्यात तेवढंही नाही. सरक.”

तो शिडी चढला, त्याला दहा मिनिटं लागली. मग कपडे वाळत घालायच्या दोरीला टोपली बांधून त्याने एकेक खोकं खाली सोडलं आणि ऑर्फाने ते खाली धरलं. चार खोकी, प्रत्येकात सात. दुपार झाली.

“पडलो असतो तर,” खाली उतरून एमरी म्हणाला, “ट्वायलाने आपल्या दोघांना त्या बाथरूममध्ये ठेवलं असतं.”

“तुला टबात,” ऑर्फा म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिने स्वयंपाकघरात भोपळे धुवायला घेतले. वर्षभराची धूळ, कोमट पाणी, चार थेंब व्हिनेगर. प्रत्येक भोपळा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. कागद दर वर्षी तेच, त्यामुळे अठ्ठ्याण्णव सालचे मृत्युलेख तिला पाठ झाले होते. मोरीपुढे उभं राहवेना म्हणून तिने खुर्ची ओढली. खिडकी पूर्वेची. डावीकडे टेबलावर टॉवेल अंथरलेला. उजवीकडे, गुडघ्याशी, कचऱ्याचा पत्र्याचा डबा.

भोपळा उचलायचा, बुडवायचा, पुसायचा, डावीकडे ठेवायचा. दहा झाले. बारा झाले. खांदा दुखायला लागला. पंधराव्यापासून ती काय करतेय याकडे तिचं लक्ष राहिलं नाही; हात करत होते आणि ती मार्चमधल्या त्या भांड्याचा विचार करत होती, चांगलं जाड बुडाचं होतं ते. एकोणिसावा उचलला, पुसला. नखाने टिचकी मारली. उजेडात धरला, फिरवला. देठाखाली तिसऱ्या खाचेत मसुरीएवढा बुडबुडा.

उजवीकडे.

आवाज ओळखीचा होता. एक नग मार्गी लागल्याचं तिला बरंही वाटलं. तिने विसावा उचलला, तो अर्धा पुसून झाला आणि मग तिचे हात थांबले.

ती वाकून डब्यात बघत बसली. मधाच्या रंगाचे पाच मोठे तुकडे, बारीक चुरा, आणि हिरवा देठ तेवढा शाबूत. चौऱ्याऐंशीचा होता तो. पहिला.

ती रडली वगैरे नाही. तेवढी ताकद लागते. तिने उठून डबा उचलला आणि मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवला, परत येऊन राहिलेले नऊ धुतले, आणि मग व्हरांड्यात जाऊन एमरीला हाक मारली.

एमरीने तुकडे बघितले. “घसरला?”

“नाही. टाकला.”

“कुणावर?”

“कुणावर नाही रे. पारखला आणि टाकला. हातच गेला.”

एमरीने खोकी बांधायची सोडून सोळा वर्षं झाली होती, आणि अजून चर्चमध्ये प्रार्थनेच्या पुस्तकाला तो नकळत कडेने बोट फिरवून चिकटपट्टी बसवी. “होतं असं,” तो म्हणाला.

“ट्वायला म्हणेल, मार्चमध्ये भांडं आणि सप्टेंबरात भोपळा.”

“मग दुसरा आणू. भोपळ्यासारखा भोपळा. तिला काय कळतंय?”

“ती लहानपणी दर वर्षी मोजायची आणि हात लावून बघायची. तिला प्रत्येकाचा डाग माहीत आहे. चौऱ्याऐंशीच्यात बुडबुडा आहे.”

“मग बुडबुड्याचा आणू,” एमरी म्हणाला आणि ट्रकची किल्ली शोधायला गेला.

कारखान्यात आता एकच भट्टी आणि तिच्यावर रँडा स्कॅग्ज. त्रेचाळीस वर्षांची, दंड पैलवानासारखे, बर्लच्या हाताखाली शिकलेली. कठड्यापलीकडे बाहेरगावचे पाच-सहा पाहुणे बघत उभे होते. ऑर्फाने कागदी पिशवीतले तुकडे तिच्या बाकावर ओतले आणि काय हवं ते सांगितलं.

“म्हणजे डागी?” रँडा म्हणाली. “मिस ऑर्फा, तुम्ही? माझ्याकडून डागी माल मागताय? माझी आई आज हवी होती.”

“तुझ्या आईचे पण पुष्कळ फोडलेत मी. करतेस का?”

“चूक करायला काय लागतं! दिवसभर तेच करते.”

पहिल्याच भोपळ्याला तिने मऊ काचेत सळईच्या टोकाने टोचलं आणि फुंकणीत फुंकर मारली. टोचल्या जागी भोकच पडलं आणि भोपळा म्हाताऱ्याच्या गालासारखा बसला. दुसऱ्यात बुडबुडा राहिला, पण भोपळा फुगला तसा तोही ताणला आणि भाताच्या शितासारखा लांबोडका झाला. तिसऱ्या वेळी रँडा घामाने निथळत होती. तिने टोचलं, काच फिरवली, तापवली, फुगवली, खाचांच्या साच्यात घातली. जोडीदाराने देठाची काच आणली, तिने ती चिमट्याने ओढून वळवली, फुंकणीपासून तोडल्याची खूण देठाखाली झाकली. मग उजेडात धरला. बुडबुडा कुठेच नव्हता. मिटून गेला होता. एक सुंदर, गोल, मधाच्या रंगाचा, अगदी निर्दोष भोपळा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्फाने आणि रँडाने एकमेकींकडे बघून मान हलवली.

“जमत नाही,” रँडा म्हणाली. तिने बाकावरचा जुना तुकडा उचलला, बुडबुड्याचा, आणि डोळ्याजवळ नेला. बराच वेळ बघितला. “मिस ऑर्फा, हे चुकून झालेलं नाही.”

“तो तसंच म्हणायचा.”

“चुकून येणारे बुडबुडे शाळेतल्या पोरांसारखे असतात, घोळक्याने येतात. हा एकटा आहे, आणि बघा, आत खाली काळा ठिपका आहे. राखेचा. ओल्या लाकडाच्या बारीक काडीने टोचलंय. ओलं लाकूड तापल्यावर वाफ सोडतं, त्या वाफेचा बुडबुडा झाला. मग वरून पुन्हा काच घेऊन तो आत कोंडलाय, आणि मग फुगवलंय, तरी गोल राहिलाय. हे मला येत नाही. असं लाकूड लागतं की जे…”

“सफरचंदाचं,” ऑर्फा म्हणाली.

“हो. तुम्हाला कसं माहीत?”

ऑर्फा बाकावर बसली.

“तेहतीस वर्षं मी त्या टेबलावर बसले,” ती म्हणाली. “मला राखेचा ठिपका दिसला नाही?”

“तुम्ही डाग शोधत होता,” रँडा म्हणाली. “सापडला की पुढचा नग.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर परवडला असता.

निघताना ऑर्फाने तुकडे स्वतः भंगारकाचेच्या पिंपात टाकले, नियमाप्रमाणे. बुडबुड्याचा तेवढा एप्रनच्या खिशात ठेवला. कंपनीचा माल तिने पहिल्यांदाच लांबवला. निर्दोष भोपळा रात्रभर निवायला ठेवला गेला. तो सकाळी आणायचं एमरीने कबूल केलं.

ट्रकमध्ये ती बराच वेळ नदीकडे बघत होती. मग म्हणाली, “बर्ल ते मुद्दाम करायचा.”

“हं.”

“हं काय?”

“हे आख्ख्या पाळीला माहीत होतं, ऑर्फा. त्या शुक्रवारी आम्ही पैजा लावायचो, यंदा कसला डाग येतो म्हणून. ज्या वर्षी एक खाच कमी होती, त्या वर्षी मी हॅम जिंकलं होतं.”

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“तुला?” एमरीने गिअर बदलला. “तू न्यायाचा दिवस. तुझ्यापुढे साक्ष द्यायला कोण उभं राहणार?”

तिला त्याचा राग यायला हवा होता. तिने थोडा शोधला, पण सापडला नाही. अठ्ठावीस वर्षं एक माणूस खरं बोलत होता आणि तिने ते दर वर्षी तोंडावर नाकारलं होतं, शिवाय खिशाच्या डागावरून वर बोलली होती. आता त्याला सांगायचं तर तो नव्हता. सांगितलं असतं तरी तो हसून आंघोळीलाच गेला असता. हे तिला माहीत होतं, आणि त्याने काही बरं वाटलं नाही.

शनिवारी त्यांनी भोपळे मांडले. ऑर्फा खुर्चीत बसून बोट दाखवी, एमरी ठेवी आणि चुकीच्या जागी ठेवी. पायऱ्यांवर मोठे, कठड्यावर मधले, खिडक्यांत छोटे. तिरक्या बुडाच्याखाली पुठ्ठ्याची घडी. निर्दोष भोपळा तिने शेवंतीच्या कुंडीमागे ठेवायला लावला, अर्धा झाकेल असा.

“देखणा आहे,” एमरी म्हणाला.

“म्हणून तर मागे ठेव.”

ट्वायला चार वाजता आली, सुपाचं भांडं घेऊन. आईच्या गालाला गाल लावला, आणि फाटकाशी परत जाऊन बोटाने मोजायला लागली, ओठ हलवत, लहानपणी मोजायची तशी. सेहेचाळिसाव्या वर्षी तिच्या बोटात अंगठ्या होत्या एवढाच फरक.

“अठ्ठावीस,” ती म्हणाली. तिचा चेहरा जरा पडला आणि जरा उजळला, दोन्ही. “बरं, ममा. जिंकलीस.”

एमरीला अचानक घरी काहीतरी काम आठवलं आणि तो गेला.

ट्वायला पायऱ्या चढताना एकेका भोपळ्याला हात लावत आली. शेवंतीपाशी थांबली. कुंडीमागचा भोपळा उचलला. नखाने टिचकी मारली. मावळत्या उजेडात धरला आणि फिरवला. कुणी तिला हे शिकवलं नव्हतं.

“ममा, यात काही नाही.”

“कशात?”

“यात. डाग नाही.”

“माणूस होता तो. एखादा चुकून बरोबर होतो.”

“तू घरी येऊ दिला असतास?”

ऑर्फाने एप्रनच्या खिशात हात घातला आणि तुकडा काढून कठड्यावर ठेवला.

“चौऱ्याऐंशीचा,” ती म्हणाली. “काल सकाळी मी फोडला. हातातून पडला नाही, मी टाकला. धुताना डाग दिसला आणि हात गेला. मी दमले होते. हा नवा रँडाकडून आणला, तुला फसवायला. बुडबुडा तिला जमला नाही.”

ट्वायला पायरीवर बसली. तिच्या डोळ्यांत ते सगळं दिसत होतं: मार्चमधलं भांडं, खोली, बाथरूम.

“आणि ते डाग,” ऑर्फा म्हणाली, “तुझा बाप मुद्दाम करत होता.”

“माहीत आहे.”

“तुलाही?”

“डॅडी विचारायचे मला, यंदा कसला करू म्हणून. ब्याण्णवचा कललेला देठ माझा. माझे दात तारेत होते ना तेव्हा. ते म्हणाले, वाकडं काहीतरी करू या, तुझ्या सोबतीला.”

ऑर्फाने मान हलवली. एकंदर कार्टर्स बेंडमध्ये बर्लवर विश्वास न ठेवणारी ती एकटीच होती, आणि नेमकं तिच्याशीच त्याचं लग्न झालं होतं.

“एक खाच कमी तो सत्त्याऐंशीचा,” ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली. “तिरकं बूड दोन हजार तीन. त्या खिडकीतल्यात राखाडी रेघ आहे, तो नव्वद. त्याच्या शेजारचा पंचाण्णव, देठ आखूड…” आणि ती सांगत गेली, पायऱ्या, कठडा, खिडक्या, एकही साल न चुकता, सत्तावीसच्या सत्तावीस. प्रत्येकाच्या वेळी आपण बर्लला काय बोललो तेही तिला आठवत होतं, पण ते तिने सांगितलं नाही. रस्त्याच्या टोकाला माणसं दिसायला लागली होती, मुरांब्याची बरणी आणि घडीच्या खुर्च्या घेऊन.

“डोकं जागेवर आहे तुझं,” ट्वायला म्हणाली. “हात आगाऊ आहे.”

“ते असू दे. अट अठ्ठावीसची होती. हे सत्तावीस आहेत आणि एक खोटा. माझ्या टेबलावरून हे गेलं नसतं.” तिने हात मांडीवर ठेवले. “थँक्सगिव्हिंगच्या आत म्हणालीस ना? बांधते मी सामान. फार नाही.”

आपल्या नगाचाही निकाल तिने नेहमीच्याच आवाजात दिला. घासाघीस नाही, डावं-उजवं नाही. ट्वायला आईकडे बघत राहिली. तेहतीस वर्षं भट्टीवरची दांडगी माणसं या बाईपुढे टोप्या का काढत, ते बहुधा तिला आज नीट कळलं.

मग तिने निर्दोष भोपळा पिशवीत घातला. बुडबुड्याचा तुकडा शेवंतीपुढे नीट उभा करून ठेवला, उजेड येईल असा.

“ममा, ती लेबर डेच्या आधीच्या शुक्रवारची रीत. डागी नग घरी न्यायची. त्या दिवशी कंपनी काय करायची?”

“दुसरीकडे बघायची.”

“हं,” ट्वायला म्हणाली, आणि वळून रस्त्याकडे बघायला लागली.

ऑर्फाला कळायला क्षणभर लागला. मग तिने डोळे मिटून घेतले.

“पण खोकी पुन्हा माळ्यावर जाणार नाहीत,” ट्वायला तिकडेच बघत म्हणाली. “आणि स्वयंपाकघरात प्लॅस्टिकचा डबा. झाकणाचा. उजवीकडे नाही.”

“बरं.”

“आणि या चांगल्या भोपळ्याचं काय करू?”

“ने शार्लटला. तुझ्या त्या बाथरूममध्ये ठेव. तिथे शोभेल.”

पहिली माणसं फाटकाशी आली. कुणीतरी विचारलं, “काय ऑर्फा, यंदा किती?” उत्तर ट्वायलाने दिलं, ऑर्फा तोवर खुर्चीत पेंगली होती. लोक आवाज हळू करून पायऱ्यांशी थांबले, वाकून बघू लागले, आणि शेवंतीपुढच्या तुकड्यापाशी जरा जास्तच वेळ थांबले. त्यांतल्या म्हाताऱ्यांनी तर त्याला टोप्याही काढल्या. ऑर्फाला अर्धवट झोपेत ते ऐकू येत होतं. एवढंच तिच्या मनात होतं की नोव्हेंबरात हे सगळं पुन्हा पुसून, त्याच मृत्युलेखांत गुंडाळून ठेवावं लागणार, आणि त्या विचाराने ती आजच दमली.